पाण्यासाठी विकत घेतलेले जंगल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्रीय उद्याने आणि राष्ट्रीय वने या दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत. उद्याने अंतर्गत व्यवहार खात्याच्या अखत्यारीत येतात आणि तेथील निसर्ग शक्यतो जसाच्या तसा राखणे हे त्यांचे उद्दिष्ट असते. राष्ट्रीय वने मात्र कृषी खात्याच्या हाती आहेत, कारण १९०५ मध्ये वनसेवा स्थापन झाली तेव्हा झाड हे फार दीर्घ मुदतीचे, पण पीकच आहे, अशी तिची मूळ धारणा होती. या सेवेचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंचो तरुणपणी वनशास्त्र शिकण्यासाठी युरोपात गेले, तेव्हा त्यांना डीट्रिख ब्रांडिस यांचे मार्गदर्शन लाभले होते. हे ब्रांडिस म्हणजे १८६४ मध्ये हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक झालेले जर्मन वनशास्त्रज्ञ. त्यामुळे महाराष्ट्रातील राखीव वनांची व्यवस्था आणि अमेरिकेतील राष्ट्रीय वनांची व्यवस्था यांचे नाते वरवर वाटते त्याहून जवळचे आहे. पश्चिम अमेरिकेत १८९१ च्या कायद्याने सरकारी मालकीच्या जमिनींवर वने राखून ठेवता आली, परंतु पूर्व किनाऱ्याकडील राज्यांत सरकारी जमीन जवळजवळ उरलीच नव्हती. तेथे वन हवे असेल तर ते खाजगी मालकांकडून विकत घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. न्यू हॅम्पशर राज्यात पसरलेले आणि शेजारच्या मेन राज्यात थोडेसे शिरलेले व्हाइट माउंटन राष्ट्रीय वन हे अशा खरेदीतून उभे राहिलेले वन असून, आज सुमारे आठ लक्ष एकर क्षेत्र असलेल्या या वनात लाकूड, पाणी, वन्यजीव आणि गिरिभ्रमण यांचे हिशेब एकमेकांत जितके गुंतलेले दिसतात तितके क्वचितच दुसरीकडे दिसतील.

या खरेदीचे कारण निसर्गसौंदर्य नव्हते. १८६७ मध्ये राज्यपाल वॉल्टर हॅरिमन यांच्या कारकिर्दीत राज्याने आपल्या ताब्यातील डोंगराळ जमिनी सुमारे २७ हजार डॉलरला विकून टाकल्या आणि पुढच्या काही दशकांत त्या लाकूड कंपन्यांच्या हाती एकवटल्या. त्यांच्यापैकी जे. ई. हेन्री या व्यापाऱ्याने दऱ्यांमध्ये थेट रेल्वे नेली, झीलंड खोरे उघडे केले आणि मग पेमिगेवॉसेट नदीच्या पूर्व शाखेकडे मोर्चा वळवला. सूचिपर्णी स्प्रूसचे लाकूड इमारतींना आणि कागदाच्या लगद्याला उपयोगी असल्याने तेवढे उचलले जाई, तर फांद्या, शेंडे आणि साली उतारावरच टाकून दिल्या जात. हा पाचोळा वाळला की इंजिनाची एखादी ठिणगी पुरे होई. १८८६ मध्ये झीलंड खोरे पेटले आणि १९०३ च्या कोरड्या वसंतात राज्यातील ऐंशी हजार एकरांहून अधिक जंगल जळाले. ग्रॅनाइटवर हजारो वर्षांत साचलेला, वीतभर जाडीचा पालापाचोळ्याचा थर जेथे जळून गेला तेथे उघडा खडक तेवढा उरला.

डोंगर उघडे पडल्याची झळ प्रथम हॉटेलांना आणि चित्रकारांना लागली, पण राजकारणात वजन पडले ते गिरण्यांचे. मेरिमॅक नदी याच डोंगरांतून निघते आणि मँचेस्टर, लोवेल, लॉरेन्स या शहरांतील कापडगिरण्या तिच्या पाण्यावर उभ्या राहिल्या होत्या. मँचेस्टरची अमॉस्केग ही तर जगातील मोठ्या कापडगिरण्यांपैकी एक होती. जंगल तुटल्यामुळे वसंतात पूर आणि उन्हाळ्यात टंचाई येते, अशी गिरणीमालकांची तक्रार होती. केंद्र सरकारने केवळ देखाव्यासाठी पैसा खर्च करू नये असे प्रतिनिधिगृहाचे सभापती जोसेफ कॅनन यांचे ठाम मत होते, आणि राज्यघटनेतही डोंगर विकत घेण्याचा अधिकार कोठे लिहिलेला नव्हता. न्यू हॅम्पशरमधील लँकेस्टर गावी जन्मलेले आणि मॅसॅच्युसेट्समधून निवडून आलेले जॉन विंगेट वीक्स यांनी यातून वाट काढली. आंतरराज्य व्यापाराचे नियमन हा केंद्राचा अधिकार आहे, नौकावहनास योग्य नद्या हे व्यापाराचे मार्ग आहेत आणि त्या नद्यांच्या उगमाकडील जमीन राखणे म्हणजे त्या मार्गांचे रक्षण करणे, असा तो युक्तिवाद होता. १ मार्च १९११ रोजी राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी सही केलेल्या वीक्स कायद्याचा पाया हाच आहे, आणि याच कायद्यानुसार झालेल्या खरेदीतून १९१८ मध्ये व्हाइट माउंटन राष्ट्रीय वन अधिकृतपणे अस्तित्वात आले.

हा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीने पक्का असला तरी शास्त्राच्या दृष्टीने त्या वेळी पक्का नव्हता. जंगलामुळे पूर खरोखर कमी होतात का, याविषयी सैन्यातील अभियंता हायरम चिटेंडन यांनी १९०८ मध्येच जाहीर शंका घेतली होती. या शंकेचे समाधानकारक उत्तर मिळायला जवळजवळ साठ वर्षे लागली, आणि ते मिळाले तेही याच वनाच्या हद्दीत. वनसेवेने १९५५ मध्ये हबर्ड ब्रूक या ओढ्याचे खोरे प्रायोगिक वन म्हणून राखून ठेवले. पाणलोट क्षेत्र म्हणजे ज्या भूभागावर पडलेला पाऊस वाहत वाहत एकाच ओढ्याला मिळतो तो भूभाग. हबर्ड ब्रूकच्या उतारावर अशी लहान लहान पाणलोट क्षेत्रे शेजारी शेजारी आहेत आणि त्यांच्या तळाचा खडक इतका घट्ट आहे की त्यातून पाणी जवळपास झिरपत नाही. त्यामुळे पडलेल्या पावसातून ओढ्याने वाहून गेलेले पाणी वजा केले की उरलेले झाडांनी आणि हवेने घेतले, असे धरता येते. प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी खडकात रुतवलेली काँक्रीटची आडवी भिंत असते, तिच्या मध्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी धारदार खाच असते आणि खाचेमागच्या छोट्या डोहातील पाण्याची पातळी सतत नोंदली जाते. खाचेचा आकार ठाऊक असल्याने पातळीवरून दर क्षणी किती पाणी गेले हे काढता येते. १९६३ पासून जीन लायकन्स, हर्बर्ट बोरमन, नॉय जॉन्सन आणि वनसेवेतील रॉबर्ट पिअर्स यांनी पाण्याबरोबर त्यात विरघळलेल्या क्षारांचेही मोजमाप सुरू केले. हिशेबनीसाने खतावणी घालावी त्याप्रमाणे आत किती आले आणि बाहेर किती गेले, याची नोंद ठेवण्याची ही पद्धत पुढे जगभर अनुसरली गेली.

यांपैकी एका पाणलोट क्षेत्रात १९६५ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी झाडून सारी झाडे आणि झुडपे तोडण्यात आली, लाकूड बाहेर न नेता जागीच ठेवले आणि पुढची तीन वर्षे तणनाशक मारून नवी पालवी उगवू दिली नाही. पहिल्याच वर्षी ओढ्याचा प्रवाह सुमारे ४० टक्क्यांनी वाढला. जंगल तोडले की पाणी आटते, या समजुतीला हा निकाल सरळ छेद देणारा होता. वाढ मुख्यतः उन्हाळ्यात झाली, कारण एरवी त्या दिवसांत झाडे मुळांनी पाणी ओढून पानांवाटे हवेत सोडतात आणि ते पाणी ओढ्यापर्यंत पोचतच नाही. झाडे लावली की विहिरींना पाणी वाढते, असे महाराष्ट्रात वृक्षारोपणाच्या प्रत्येक समारंभात ठासून सांगितले जाते. असे सांगणाऱ्या सर्वांनी हा प्रयोग एकदा नजरेखालून घालण्यासारखा आहे. अर्थात प्रयोगाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची होती. मुळे मेल्यावर मातीतील जिवाणूंनी तयार केलेले नायट्रेट शोषून घेणारे कोणी उरले नाही, ते अनेक पटींनी ओढ्यात उतरले आणि पिण्याच्या पाण्यासाठी सुरक्षित मानलेल्या मर्यादेपलीकडे गेले. त्याच्याबरोबर मातीतील कॅल्शियमही वाहून गेले. म्हणजे जंगल पाणी वाढवत नाही, उलट स्वतःसाठी काही खर्च करते, परंतु उरलेले पाणी निवळ ठेवते आणि माती जागेवर धरते. गिरणीमालकांचा कयास यामुळे अर्धाच खरा ठरला, पण त्याच्या आधारे विकत घेतलेल्या जंगलाचे मोल त्याने उणे झाले नाही.

याच मोजमापातून एक अनपेक्षित गोष्ट हाती आली. पदार्थाची आम्लता दाखवणारा सामू हा आकडा जितका खाली तितकी आम्लता अधिक. स्वच्छ पावसाचा सामू साधारण ५.६ असतो, तर हबर्ड ब्रूकमध्ये पडणाऱ्या पावसाचा तो ४ च्या आसपास भरत होता. कारखान्यांपासून इतक्या दूर असलेल्या डोंगरात हे घडावे याचे कारण मध्यपश्चिमेतील कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांच्या उंच धुराड्यांतून निघून वाऱ्याबरोबर येणाऱ्या गंधकाच्या वायूत सापडले. उत्तर अमेरिकेतील आम्लवर्षेचा हा पुरावा पुढे १९९० च्या हवाशुद्धी कायद्यातील दुरुस्त्यांना आधारभूत ठरला. दशकानुदशके झालेल्या आम्लवर्षेने मातीतील कॅल्शियम ओरबाडून नेले होते. म्हणून १९९९ मध्ये एका पाणलोट क्षेत्रावर हेलिकॉप्टरमधून कॅल्शियमयुक्त खनिज पसरण्यात आले आणि त्यानंतर तेथील शुगर मेपल आणि स्प्रूस यांची प्रकृती सुधारलेली दिसली. याच मेपलची शरदातील लाल-केशरी पाने पाहायला लाखो लोक या वनातून जाणाऱ्या कँकामेगस महामार्गावर येतात, आणि बॉस्टन परिसरातील मराठी कुटुंबेही त्यांत असतात. परंतु पानांच्या त्या रंगाचा मातीतील कॅल्शियमशी संबंध आहे, हे मोटारीच्या खिडकीतून दिसत नाही.

लोक येथे वन होण्यापूर्वीपासून येत आहेत. एबल क्रॉफर्ड आणि त्यांचा मुलगा ईथन यांनी १८१९ मध्ये माउंट वॉशिंग्टनकडे काढलेली पायवाट अमेरिकेतील सतत वापरात राहिलेली सर्वांत जुनी गिरिभ्रमणाची वाट मानली जाते. १८६९ मध्ये शिखरापर्यंत दातेरी रुळांची रेल्वे गेली, १८७६ मध्ये बॉस्टनमध्ये अ‍ॅपलाचियन माउंटन क्लब स्थापन झाला आणि डोंगराच्या पायथ्याशी भव्य हॉटेले उभी राहिली. त्यांपैकी ब्रेटन वुड्स येथील माउंट वॉशिंग्टन हॉटेलात जुलै १९४४ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांना जन्म देणारी परिषद भरली, आणि हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. या सगळ्या वर्दळीला वनसेवेच्या हिशेबात मात्र बरीच वर्षे जागा नव्हती. बाह्यरंजन, म्हणजे मोकळ्या निसर्गात घालवलेला फुरसतीचा वेळ, हा चराई, लाकूड, पाणलोट आणि वन्यजीव यांच्या बरोबरीचा वनाचा उपयोग आहे, हे १९६० च्या बहुविध उपयोग आणि शाश्वत उत्पादन कायद्याने प्रथम स्पष्टपणे नोंदवले. उपयोग म्हटला की झीज आली. लाकूडतोडीची झीज डोळ्यांना दिसते आणि तिच्यावर रागावणे सोपे असते. चालणाऱ्या माणसाची झीज मात्र त्याला स्वतःला दिसत नाही, कारण ती त्याच्या बुटाखाली असते.

येथील बऱ्याच जुन्या वाटा वळणे न घेता सरळ उतारावर चढतात. पाणीही उतरताना तीच वाट धरते, वरचा सेंद्रिय थर धुऊन नेते, चिखल टाळण्यासाठी लोक कडेने चालू लागतात आणि वाट रुंदावत, खोलावत अखेर घळ बनते. यावर उपाय म्हणून वाटेत तिरपे दगड रोवून पाणी बाजूला काढतात आणि तीव्र चढावर दगडी पायऱ्या बसवतात. ही कामे पहारीने, कुदळीने आणि पाठीवर ओझी वाहून केली जातात. वृक्षरेषा, म्हणजे ज्या उंचीपलीकडे झाडे उभी वाढू शकत नाहीत ती सीमा, येथे सुमारे १,४०० मीटरवर लागते. आल्प्सच्या मानाने ती फारच खाली आहे, आणि वारा व झाडांवर साचणारा हिमथर ही त्याची मुख्य कारणे आहेत. तिच्यावर काही चौरस मैलांचा टुंड्रासारखा उघडा प्रदेश आहे. माउंट वॉशिंग्टनच्या दक्षिणेला मन्रो शिखराजवळील अशाच दगडगोट्यांच्या सपाटीवर रॉबिन्स सिंकफॉइल ही वनस्पती वाढते. रुपयाच्या नाण्याएवढा तिचा केसाळ पानांचा गुच्छ जमिनीला चिकटून असतो, जूनच्या सुरुवातीला त्यातून इवलीशी पिवळी फुले वर येतात आणि थंडीने मातीचे गोठणे-वितळणे चालू असताना जागा सुटू नये म्हणून एक लांब सोटमूळ तिला धरून ठेवते. वारा, हिम, दुष्काळ सारे सोसणारी ही वनस्पती बुटाचा दाब मात्र सोसू शकत नाही, आणि क्रॉफर्ड पितापुत्रांची वाट नेमकी तिच्या वस्तीतून जात होती. एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिसंग्राहकांनीही आपापल्या संग्रहासाठी ती शेकड्यांनी उपटली होती. १९८० मध्ये ती संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आली. १९८३ मध्ये वाट दुसरीकडून वळवण्यात आली, वस्तीभोवती बुटका दगडी बांध घातला गेला आणि फ्रँकोनिया कड्यावर रोपांची नवी वस्ती वसवण्यात आली. २००२ मध्ये तिचे नाव यादीतून काढण्यात आले, तेव्हा मूळ वस्तीत १४ हजारांहून अधिक झाडे मोजली गेली होती. येथे दुर्मीळ प्रजाती वाचवण्यात वाट हलवण्याचा मोठा वाटा होता, हे वनव्यवस्थापनाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे.

१९६४ च्या वन्यप्रदेश कायद्याने याच वनात आणखी एक स्तर निर्माण केला. कायद्याने वन्यप्रदेश म्हणून घोषित झालेल्या भागात रस्ते, लाकूडतोड आणि यंत्रे यांना मज्जाव असतो, इतका की वाटेवर पडलेले झाडही यांत्रिक करवतीने न कापता दोन माणसांनी ओढायच्या लांब करवतीने कापावे लागते. आज वनाचे सुमारे दीड लक्ष एकर क्षेत्र या संरक्षणाखाली असून त्यातील सर्वांत मोठा भाग पेमिगेवॉसेट हा आहे, जो १९८४ मध्ये घोषित झाला. गंमत अशी की हेच ते हेन्रीच्या रेल्वेने पिंजून काढलेले खोरे. तेथील शेवटची लाकडाची गाडी १९४८ मध्ये धावली, आणि आजच्या पायवाटा त्याच रुळमार्गाच्या भरावावरून जात असल्याने काही ठिकाणी कुजत आलेले स्लीपर पावलांखाली लागतात. निबिड अरण्य म्हणून जे अनुभवायला लोक येतात ते बऱ्याच अंशी विसाव्या शतकातले पुनरुज्जीवन आहे. या भागात नदीवर असलेला एक झुलता पूल २००९ मध्ये वनसेवेने काढून टाकला, कारण तो जीर्ण झाला होता आणि वन्यप्रदेशात मानवनिर्मित सोयी कमीत कमी असाव्यात असा कायद्याचा अर्थ लावला गेला. त्यावरून गिरिभ्रमण करणाऱ्यांत बराच वाद झाला, आणि पुराच्या दिवसांत नदी ओलांडण्याचा धोका पाहता त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते.

पाण्याचा प्रश्न मात्र संपलेला नाही. त्याची जागा बदलली आहे. या वनाच्या जमिनीवर लून, वॉटरव्हिल व्हॅली, अ‍ॅटिटॅश आणि वाइल्डकॅट ही चार स्कीची केंद्रे खास परवान्यावर चालतात आणि त्यांना कृत्रिम हिम तयार करण्यासाठी प्रचंड पाणी लागते. लून माउंटनच्या विस्तारात लून पाँड या उंचावरील स्वच्छ तळ्यातून पाणी उपसण्याची आणि नळांत उरलेले नदीचे पाणी त्याच तळ्यात सोडण्याची व्यवस्था होती. वनसेवेने तिला मान्यता दिल्यावर एक नागरिक न्यायालयात गेला आणि १९९६ मध्ये पहिल्या विभागीय अपील न्यायालयाने निकाल दिला की पर्यायांचा पुरेसा विचार झालेला नाही, तसेच नदीचे पाणी तळ्यात सोडण्यासाठी प्रदूषण नियंत्रणाचा स्वतंत्र परवाना आवश्यक आहे. पाण्याच्या रक्षणासाठी विकत घेतलेल्या जमिनीवर एक खेळ पाण्याला बाधक ठरू शकतो, हे अशा रीतीने कायदेशीररीत्या नोंदले गेले. हिवाळे सौम्य होत जातात तसतशी कृत्रिम हिमाची आणि पर्यायाने पाण्याची मागणी वाढते. हबर्ड ब्रूकच्या दीर्घ नोंदींतही हिमाचा थर पातळ होत चालल्याचे दिसते.

डोंगरात येणाऱ्या माणसांच्या सुरक्षेचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न अखेर वनाच्या सीमेबाहेर जातो. माउंट वॉशिंग्टनची उंची अवघी १,९१७ मीटर असली तरी तेथील हवामान कुख्यात आहे. १२ एप्रिल १९३४ रोजी शिखरावरील वेधशाळेने ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला होता आणि तो विक्रम १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावरील चक्रीवादळापर्यंत टिकून होता. १८४९ पासून या पर्वतरांगेत दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आहेत. जमीन केंद्राची असली तरी हरवलेल्या माणसाचा शोध घेण्याची जबाबदारी न्यू हॅम्पशरच्या मत्स्य व शिकार विभागावर आहे, आणि या कामाचा निधी बराच काळ बोटी, हिमस्कूटर आणि तत्सम वाहनांच्या नोंदणीशुल्कातील वाट्यातून येत असे. म्हणजे डोंगरात अडकलेल्या गिरिभ्रमकाच्या सुटकेचा खर्च तळ्यात मासे धरणारा बोटीचा मालक उचलत होता. निष्काळजीपणामुळे सुटका करावी लागली तर खर्च वसूल करण्याची तरतूद राज्याने २००८ मध्ये केली, आणि २०१५ पासून वार्षिक २५ डॉलरचे हाइक सेफ कार्ड काढले. ते घेतलेल्या व्यक्तीकडून निष्काळजीपणाबद्दल सुटकेचा खर्च मागितला जात नाही, बेदरकार वर्तनाबद्दल मात्र मागता येतो. पुरेसे कपडे, विजेरी किंवा नकाशा न घेता हिवाळ्यात कड्यावर जाणे या दोहोंपैकी कशात मोडते, याचा निर्णय त्या त्या वेळी परिस्थिती पाहून केला जातो.